सातच्या आधी आठ

फॉर्मवर पाच चौकोन होते. नोकरी, परदेश, पुढचं शिक्षण, समाजात मान, आणि शेवटी इतर. विद्यापीठातली मुलं दुसरी भाषा म्हणून इंग्रजी का शिकतात, याचा अहवाल विभागप्रमुखांना वर पाठवायचा होता आणि मोजदादीचं काम नेहमीप्रमाणे इंग्रजीच्या बाईंच्या गळ्यात पडलं होतं. सत्तावीस वर्षं ती याच चौथ्या मजल्यावर शिकवत होती. समोर एकशे अठरा फॉर्मांचा गठ्ठा, शेजारी पाच रकाने आखलेला कागद, प्रत्येक खुणेला एक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी. नोकरी, नोकरी, परदेश, नोकरी. हात आपला चालत होता आणि मन कुठेच नव्हतं. खाली रस्त्यावर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं आणि त्याचं टूं टूं संपता संपत नव्हतं. चौऱ्याहत्तराव्या फॉर्मवर हात थांबला. 'इतर'पुढच्या चौकोनात खूण होती आणि ठिपक्यांच्या रेघेवर आपल्याच भाषेत, पेन दाबून दाबून, लिहिलं होतं : पुस्तकात चूक आहे. ती त्यांना सांगायची आहे.

तिचे कान एकदम तापले. पहिल्या वर्षाचं पुस्तक तिनेच संपादित केलं होतं. एकशे बेचाळीस पानं, तीन वेळा तपासलेली मुद्रितं. तिने उठून कपाटातून प्रत काढली आणि उभ्याउभ्याच चाळायला सुरुवात केली. कुठे असेल? धडा चार? शब्दसूची? बोटं कागदावरून घाईघाईने फिरत होती आणि त्या घाईतच तिला स्वतःची गंमत वाटली, मग गंमत गेली आणि नुसती भीती उरली. ही भीती तिच्या ओळखीची होती. ती अकरा वर्षांची असल्यापासून तिच्याबरोबर राहत होती. वडील पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होते. बढतीच्या मुलाखतीला ते तिला बरोबर घेऊन गेले, कारण आई माहेरी होती आणि घरी कोणी नव्हतं. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, दार अर्धवट उघडं होतं. वडिलांनी आठवडाभर आरशासमोर उत्तरं पाठ केली होती. अर्ज कधी दिलात, असं साहेबांनी इंग्रजीत विचारलं. अर्ज कालच दिला होता. पण ऐन वेळी कालचा उद्या झाला आणि वडील म्हणाले, "टुमारो, सर." खोलीतले तिघेही हसले. त्याचं तिला फारसं काही वाटलं नसतं. पण वडीलही हसले. काय झालं ते न कळता, मान हलवून, त्या तिघांच्या मागोमाग हसले. ते हसणं तिला पुढे कधी विसरता आलं नाही. त्या संध्याकाळपासून ती इंग्रजी शिकायला लागली, ती अशी की आपल्याला कुणी कधी हसू नये. आणि खरोखरच कुणी हसलं नाही. सुवर्णपदक मिळालं, ही नोकरी मिळाली, आणि आज पन्नाशी उलटल्यावरही एका फॉर्मवरच्या एका ओळीने तिला कपाटापुढे उभं केलं होतं.

फॉर्मवरचा क्रमांक तिने हजेरीपटात शोधला. सकाळच्या सातच्या वर्गातला विद्यार्थी. शेवटच्या बाकावर बसणारा, एकतीस वर्षांचा, लिफ्टदुरुस्तीचं काम करून शिकणारा. वर्गातली सगळी पोरं त्याला मिस्त्री म्हणत आणि नकळत तीही मनात तसंच म्हणत असे. बोलायला उभं केलं की त्याच्या मानेवरच्या शिरा ताठ होत, जणू जडशीळ काही उचलायचंय. दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर तिने त्याला थांबवलं.

"कुठल्या पुस्तकात चूक आहे?"

तो गडबडला. "तुमच्या नाही, मॅडम."

"मी तसं कुठे म्हटलं?"

"लिफ्टच्या. म्हणजे मशीनच्या पुस्तकात." पिशवीतून त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक काढलं. पानांच्या कडांवर अंगठ्यांचे काळे ठसे होते. "हे पान. हे चित्र बघा. लिफ्टचा डबा रिकामा असला ना, की पलीकडच्या बाजूचं वजन जास्त होतं. ब्रेक सोडला तर डबा खाली नाही जात, वर जातो. लोकांना उलटंच वाटतं. म्हणून आधी डबा साखळीने बांधायचा आणि मग ब्रेक मोकळा करायचा. आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि इथे काय लिहिलंय? सातव्या पायरीला ब्रेक, आठव्या पायरीला साखळी."

तिने वाचलं. सातवी पायरी, ब्रेक. आठवी पायरी, साखळी. वाक्यं निर्दोष होती. स्वल्पविराम जागच्या जागी. तिने ती शंभर वेळा वाचली असती तरी तिला त्यात काही खटकलं नसतं.

"मग तुमच्या लोकांनी हे असंच केलं?"

"माझ्या जोडीदाराने केलं. सात वर्षं आम्ही दोघं एका शाफ्टमध्ये. हे मशीन नवीन आलं तेव्हा मुकादम म्हणाला, इथे स्वतःची अक्कल पाजळायची नाही, पुस्तकात आहे तसंच करायचं. इंग्रजी वाचता आम्हाला कुणालाच येत नव्हतं. चित्रांखालचे आकडे बघून करत होतो. सात म्हणजे हे, आठ म्हणजे हे. जोडीदार म्हणालाही, च्यायला हे उलटं आहे. मग म्हणाला, नवं मशीन आहे, आत काहीतरी सोय असेल." तो थांबला. "ब्रेक सुटला. डबा हलला तेव्हा त्याचा हात साखळीच्या हुकात होता. दोन बोटं गेली."

खिडकीबाहेर पारव्यांची फडफड झाली. 

"चौकशी झाली. त्यात लिहिलं, पुस्तकातला क्रम पाळला नाही म्हणून अपघात. पुस्तक कुणी उघडलंच नाही हो, मॅडम. सगळ्यांना माहीत, साखळी आधी असते, म्हणजे पुस्तकातही तसंच असणार. मी सांगायला गेलो तर हसले. म्हणाले, कंपनीचं पुस्तक चुकेल होय? तू वाचलंस का? नव्हतंच वाचलं. मग डिक्शनरी घेऊन बसलो. दोन महिने लागले मला या दोन ओळी वाचायला."

"पत्र मी लिहून देते," ती पटकन म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम आहे. आत्ताच देते."

त्याने मान हलवली. नकाराची, पण हळू, तिला लागू नये इतपत जपून. "तुम्ही लिहाल, आणि चांगलंच लिहाल. पण मग कंपनीचा फोन येईल. ते विचारतील, ब्रेक किती उघडला होता, डबा कितव्या मजल्यावर होता, किती हलला. तेव्हा कोण बोलणार? तुम्ही तिथे नव्हतात. मी होतो."

त्या दिवशी ती घरी चालत गेली, बसने गेली नाही. राग आला होता, आणि कशाचा ते कळत नव्हतं. एवढी मदत पुढे केली आणि माणसाने ती बाजूला सारली, असा वरवरचा राग. पण त्याच्या तळाशी दुसरंच काहीतरी टोचत होतं. तो पुढचे प्रश्न, पुढचा फोन, सगळं धरून चालला होता. तिने इंग्रजी शिकताना पुढचं काही धरलंच नव्हतं. तिला फक्त त्या दारातून, त्या हसण्यातून पलीकडे जायचं होतं. सिग्नलला ती उभी राहिली, माणसं रस्ता ओलांडून गेली, पुन्हा लाल झाला, तरी ती उभीच. कुणीतरी "काकू, चला की" म्हणालं तेव्हा ती हलली.

पुढच्या तासाला तिने फॉर्म बाजूला ठेवले आणि वर्गाला म्हणाली, चौकोन विसरा, तुम्ही इंग्रजी का शिकताय ते आपल्या भाषेत चार ओळींत लिहा, नाव घालू नका. एकाने लिहिलं, वडील म्हणाले म्हणून, आणि माझ्या वडिलांना अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. रुग्णालयात रात्रपाळी करून थेट वर्गात येणारी एक परिचारिका होती, कागदाला स्पिरिटचा वास येत होता म्हणून तो तिचाच हे कळलं. तिने लिहिलं होतं, डॉक्टर पेशंटच्या डोक्यावरून एकमेकांशी इंग्रजीत बोलतात आणि पेशंट माझ्या तोंडाकडे बघतो, मला त्याला काहीतरी सांगता आलं पाहिजे. आणि एका मुलीने लिहिलं होतं, माझ्या दादाची मुलगी तिकडेच जन्मली, तिला आपली भाषा येत नाही, फोनवर ती हाय म्हणते आणि मी हसते, नुसतं हसून मी किती दिवस तिची आत्या राहणार? वर्ग सुटल्यावर ती ते कागद विभागाच्या खोलीत वाचत बसली. याच मुलांना ती इतकी वर्षं जांभया देणारी, बसच्या वेळेकडे डोळे लावून बसलेली पोरं समजत आली होती. पहाटे उठून, डब्यात काहीबाही कोंबून, दोन-दोन बस बदलून ही पोरं येत होती, आणि प्रत्येकाच्या पोटात कुणीतरी एक माणूस होता ज्याच्याशी त्याला बोलायचं होतं. ते तिला चौकोनांमधून दिसलं नव्हतं. विभागप्रमुखांनी आत डोकावून विचारलं, "इतर किती टक्के आहेत?" "एक टक्कासुद्धा नाही," ती म्हणाली. "मग गाळून टाका, बाई. दिसणारही नाही." तिने गाळलं नाही. का ते त्यांना सांगितलं नाही.

मिस्त्री रोज वर्ग सुटल्यावर वीस मिनिटं थांबायला लागला. तिने शिकवायचं आणि त्याने लिहायचं, असं ठरलं. पहिलं वाक्य जुळवायला चार दिवस गेले. काळ चुकत, क्रियापदं एकवचनात अडकत, आणि प्रत्येक चुकीला तो स्वतःवरच चडफडे, पण लाजत नसे. हे तिला नवीन होतं. चूक म्हणजे त्याच्या लेखी घसरलेला पाना. उचलायचा आणि पुन्हा बसवायचा. "परत सांगा," एवढंच म्हणे. एकदा त्याने आकड्यांच्या पुढचं शेपूट विचारलं, फर्स्टला एस-टी, सेकंडला एन-डी, मग सेव्हन्थला टी-एच का? तिला कारण सांगता येईना. "आहे तसं आहे," ती म्हणाली. "म्हणजे तुमच्यातही मुकादम आहे," तो म्हणाला, आणि ती खळखळून हसली. या खोलीत आपण याआधी कधी असं हसलो होतो, ते तिला आठवेना.

दीड महिन्यांनी पूर्ण पत्राचा खर्डा तयार झाला. तिने तो घरी नेला आणि एका बैठकीत नीटनेटका करून आणला. सगळं कर्मणी प्रयोगात, सभ्य, गुळगुळीत : असं आढळून आलं आहे की, सदर क्रमानुसार ब्रेक मोकळा केला गेला असता, इजा झाली. त्याने तो ओठ हलवत वाचला. पुन्हा वाचला. मग त्याचं बोट ओळीवरून मागे-पुढे फिरायला लागलं, काहीतरी हरवल्यासारखं.

"मॅडम, यात माणूस कुठे गेला?"

"कोण माणूस?"

"ब्रेक मोकळा केला गेला. कुणी केला? इजा झाली. कुणाला झाली? माझा जोडीदार होता ना यात. मी लिहिला होता त्याला. तुम्ही काढलात."

ती त्या कागदाकडे बघत राहिली. लाल शाईतली तिची वळणदार अक्षरं तिला अनोळखी वाटली. सत्तावीस वर्षं तिने हेच शिकवलं होतं. औपचारिक लेखनात कर्ता मागे ठेवावा, म्हणजे भाषा सभ्य होते. तिला आठवलं, स्वतःच्या प्रबंधाच्या तीनशे पानांत एकदाही 'मी' नव्हता, आणि मार्गदर्शकांनी त्याचं कौतुक केलं होतं. माणूस काढून टाकला की कुणी हसायला जागाच उरत नाही. तिचं इंग्रजी निर्दोष होतं, कारण त्यात ती नव्हतीच. तिला त्या भाषेत कुणाला काही सांगायचं नव्हतं, फक्त चुकायचं नव्हतं. आणि हा एकतीस वर्षांचा माणूस, ज्याला अजून तृतीयपुरुषी एकवचनाचा 'एस' सापडत नव्हता, त्याला नेमकं माहीत होतं की वाक्यात कोण असलं पाहिजे. तिला त्याच्याबद्दल जे वाटलं त्याला आदर हा शब्द पुरेसा नव्हता. हेवाही होता त्यात, आणि लहानपणी वडिलांचा हात धरून चालताना वाटायचा तसला आधारही.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. हे शब्द तोंडून इतके सहज गेले की तिला स्वतःलाच नवल वाटलं. "तुमचं परत घालू."

कंपनीला पत्र गेलं ते त्याच्याच वाक्यांत. माझ्या मित्राने तुमच्या पुस्तकात होतं तेच केलं. तुमचं पुस्तक चुकलं आहे. मित्राची दोन बोटं गेली. आणखी कुणाची जाऊ नयेत. तिने फक्त काळ नीट केले. पाच आठवडे काहीच आलं नाही. सहाव्या आठवड्यात चार ओळींचं उत्तर आलं : मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरना बोलायचं आहे, अमुक वारी, दुपारी बारा वाजता.

विभागप्रमुखांनी खोली दिली. तो धुतलेला शर्ट घालून आला होता, नखं ब्रशने घासून लाल झाली होती. लॅपटॉपसमोर बसण्याआधी तो तिला म्हणाला, "तुम्ही बसा, मॅडम. पण मधे बोलू नका. मी अडकलो तरी."

"अडकलात तरी?"

"अडकलो तरीच."

पडद्यावर पांढऱ्या केसांची एक बाई आली. तिचं बोलणं सराईत होतं, नम्र होतं आणि वाहत्या पाण्यासारखं वेगात होतं. आम्हाला झाल्या प्रकाराचा खेद आहे, कदाचित सूचनांचा अर्थ लावण्यात काही फरक झाला असेल. तो म्हणाला, "स्लो, प्लीज." ती थांबली, सावकाश बोलू लागली. डबा कुठे होता? त्याने सांगितलं. विजेचा मुख्य खटका बंद होता? होता. ब्रेक किती उघडला? त्याने दोन बोटांत अंतर धरून कॅमेऱ्यासमोर नेलं. आणि मग मुख्य गोष्टीपाशी येऊन तो अडकला. क्रम उलटा आहे, हे त्याला म्हणायचं होतं. ओठ उघडले, मानेवरच्या शिरा ताठ झाल्या, शब्द येईना. इकडे शेजारी बसलेल्या तिच्या जिभेवर तो शब्द होता. एक नव्हे, तीन होते. तिने नखं तळहातात रुतवली. तिला तो अर्धवट उघडा दरवाजा दिसला, बाकाचं थंड लोखंड मांड्यांना लागलं. आता ती बाई हसेल. आता हाही हसेल. खोलीतला पंखा गरगरत होता.

"सेव्हन," तो म्हणाला. एक बोट वर. "एट." दुसरं बोट. मग त्याने दोन्ही हात एकमेकांवरून ओलांडून नेले आणि म्हणाला, "सेव्हन इज एट. एट इज सेव्हन."

 पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. पांढऱ्या केसांची बाई सातवी पायरी मोठ्याने वाचायला लागली, आठवीच्या मध्यापर्यंत आली आणि थांबली. चष्मा काढून तिने ते पान डोळ्यांजवळ धरलं. मग ती म्हणाली, हे तपासून बघू आणि आपल्याला कळवू. असल्या वाक्यांनी फोन संपतात, हे तिला इकडे बसल्याबसल्या ठाऊक होतं. पण त्याला ठाऊक नव्हतं, किंवा असूनही तो बधला नाही.

"नो," तो म्हणाला. "प्लीज. यू सी इट नाऊ?"

त्या बाईने पान खाली ठेवलं आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. "येस," ती म्हणाली. "आय सी इट."

"माय फ्रेंड नॉट राँग. यू राइट धिस. इन लेटर."

 पडदा काळा झाल्यावर त्याने पाणी मागितलं आणि तो ग्लासभर एका दमात प्यायला. तिला त्याला शाबास म्हणायचं होतं, पण शाबास हा मोठ्याने लहानाला द्यायचा शब्द आहे, असं वाटून तिने त्याचा ग्लास पुन्हा भरला.

परीक्षा होऊन गेल्या. नव्या सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात तो वर्ग सुटल्यावर दारात आला. त्याच्यामागे दाढी वाढलेला, रुंद खांद्यांचा एक माणूस होता. उजवा हात पँटच्या खिशात. "हा माझा जोडीदार," मिस्त्री म्हणाला. "याला म्हटलं, इथेच वाचतो." कंपनीचं पत्र दोन पानांचं होतं. पहिल्या पानावर दुरुस्त केलेल्या पायऱ्या, आणि हे मशीन जिथे जिथे बसवलंय तिथे तिथे नवं पान पाठवल्याचं कळवलं होतं. दुसऱ्या पानावर पाचच ओळी. मिस्त्रीने त्या आपल्या भाषेत सांगितल्या. अपघाताच्या दिवशी या कामगाराने आमच्या लेखी सूचनांचं तंतोतंत पालन केलं होतं. त्याच्याकडून कोणतीही कुचराई झाली नाही. चूक आमची होती.

जोडीदार म्हणाला, "परत सांग."

मिस्त्रीने परत सांगितलं.

"आता त्यांच्या भाषेत वाच. जसं लिहिलंय तसं."

मिस्त्रीने वाचलं, शब्द तोडत, बोट ओळीवर ठेवून. जोडीदाराला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तो देवाचं काही ऐकावं तसा मान खाली घालून ऐकत होता. त्याने खिशातला हात केव्हा बाहेर काढला ते तिला कळलं नाही. तीन बोटांचा तो हात त्याने त्या पाच ओळींवर पालथा ठेवला.

"मॅडम," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "दोन वर्षं सगळे म्हणत होते ना, तर मलाही वाटायला लागलं होतं. की मीच काहीतरी केलं असणार. साखळी आधी लावायला मी विसरलो असणार. रोज रोज आठवून बघायचो. मग नीट आठवेनासंच झालं."

मिस्त्री खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. ती खुर्चीत बसली होती ती बसूनच राहिली.  जोडीदाराने मोबाइल काढला, डाव्या हाताने घरी बायकोला फोन लावला आणि तो बाहेरच्या व्हरांड्यात गेला. पुढच्या तासाची मुलं जिन्यावरून लोंढ्याने वर येत होती, वह्या, पिशव्या, हाका, आणि त्या सगळ्या गलबल्यावरून त्याचा आवाज खोलीत येत होता.

"अगं, ऐक. हां, मीच बोलतोय. नाही, काही झालं नाही. ऐक तर. त्या दिवशी मी बरोबर केलं होतं. काय? अगं मी. मी! मी बरोबर केलं होतं!"